निबंध वाचणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

शालेय निबंध स्पर्धेच्या बक्षीस समारंभात ‘परीक्षकांचे आभार’ मी रीतसर मानले होते. पण तुम्ही केलेलं काम त्या एका वाक्यात मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

‘मुलांचं जगणं सुधारण्यासाठी काय करायला हवं?’ असा विषय दिला की निबंध कसे येतात, हे आपल्याला पाठ आहे. सुरुवातीला ‘आजची मुले उद्याचे नागरिक’, मध्ये दोन सुविचार, शेवटी ‘आपण सर्वांनी प्रयत्न केले पाहिजेत’. मुलांचा दोष नाही, आपणच तसं शिकवतो. तुम्ही यातली एकही ओळ खोडली नाहीत. समासात पेन्सिलीने बाण काढून लिहिलंत, ‘तुझा निबंध इथून सुरू झाला.’ बाण बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या परिच्छेदापाशी असायचा. मूल स्वतः पाहिलेलं सांगायला लागतं ती जागा.

कडीचा निबंध तुम्हालाही आठवत असेल. सातवीतल्या मुलीने लिहिलं होतं, की शाळेत मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. अक्षर यथातथा, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. जुन्या गुणतक्त्यानुसार तो निबंध पहिल्या चाळणीतच बाद झाला असता. तुम्ही खाली प्रश्न लिहिलेत: ‘कडी कधीपासून नाही? कोणाला सांगितलंत? ते काय म्हणाले? मग तुम्ही काय करता?’ तिने उत्तरं लिहून आणली. एक मैत्रीण बाहेरून दार धरून उभी राहते, आणि दोघींची मधली सुट्टी तिथेच संपते. तब्येत, अभ्यास, खेळ, सगळं एका कडीशी येऊन अडलेलं! मोठ्यांच्या अहवालांत इतकं नेमकं क्वचित वाचायला मिळतं.

गुणतक्ता बदलावा हा आग्रहही तुमचाच. हस्ताक्षराचे गुण काढून ते ‘स्वतः पाहिलेलं, विचारलेलं’ यासाठी ठेवायला लावलेत. ज्यांना हाताने लिहिता येत नाही त्यांना लेखनिक मिळाला. समितीत यावर बराच वाद झाला, पण तुम्ही आवाज न चढवता मुद्दा लावून धरलात.

आणि समारंभातलं तुमचं बोलणं. तुम्ही सांगितलंत, की १९२४च्या बालहक्कांच्या जिनिव्हा जाहीरनाम्यात मुलांना अन्न, उपचार, आधार द्यावा असं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९५९च्या जाहीरनाम्यात शिक्षण आणि खेळही आले. पण मुलांना त्यांचं मत विचारावं, हे दोन्हींत नव्हतं. ते आलं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत, २० नोव्हेंबर १९८९ रोजी, १२व्या कलमात: मुलाशी संबंधित बाबतीत त्याला मत मांडता आलं पाहिजे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. संहितेची माहिती मोठ्यांइतकीच मुलांनाही द्यायची, हे सरकारांवर बंधनकारक करणारं ४२वं कलमही तुम्ही वाचून दाखवलंत. मागच्या रांगेतली मुलं तेव्हा पुढे सरकून बसली होती. ‘खेळायला वेळ द्या’ असं लिहिणाऱ्या मुलाला तुम्ही सांगितलंत, की तो मागतो ते ३१व्या कलमात आहे. आपण हट्ट करत नाही, हक्काचं मागतो आहोत, हे त्याला इतक्या साधेपणाने दुसरं कोणी सांगितलं नसेल.

मला सर्वांत मोलाची वाटली ती तुमची शेवटची सूचना. निबंधांतल्या मागण्यांची यादी करून शाळांना पाठवायचं ठरलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘नाव घालायचं की नाही, हे आधी त्या त्या मुलाला विचारा.’ आम्ही विचारलं. काहींनी आनंदाने हो म्हटलं. कडीवाल्या मुलीने नको म्हटलं, कारणही सांगितलं, आणि ते ऐकून यादीतली इतर काही नावंही आम्ही मुलांशी पुन्हा बोलून काढली.

यादी शाळांना गेली आहे. प्रत्येक मागणीला लेखी उत्तर मागितलं आहे. थोडी उत्तरं आली आहेत, बाकीच्यांचा पाठपुरावा चालू आहे. आलेलं प्रत्येक उत्तर ते मागणाऱ्या मुलापर्यंत पोचवतो आहोत. मानधनाचं पाकीट तुम्ही न उघडता परत केलंत. ते पैसे पुढच्या वर्षीच्या लेखनिकांसाठी राखून ठेवले आहेत.

तुमचे मनापासून आभार, बाई.

आपली कृतज्ञ,
स्पर्धेची एक संयोजक