बाबांस पत्र : कंपवात, खाजकुयली आणि चार लाखांची सुई

लंडन,
16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले आणि दादाने मोबाईलवर पाठवलेले त्या केंद्राचे माहितीपत्रकही वाचले. ‘स्टेम सेल टोचून कंपवात मुळापासून बरा’ असे त्यावर छापले आहे, चार लाख रुपये सांगितले आहेत आणि त्यासाठी नाल्याकडचे वावर विकायला काढायचे घरात चालले आहे. याचे उत्तर फोनवर देण्याऐवजी लिहूनच द्यावे असे मी ठरवले, कारण फोनवर मी नुसते ‘नको’ म्हटले असते आणि तुम्ही कारण विचारल्यावाचून राहिला नसता. म्हणून माझे मत आधी सांगते आणि कारणे मागाहून : वावर विकू नये.

कंपवातात (इथे त्याला पार्किन्सन म्हणतात) मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागातील पेशी हळूहळू मरतात आणि त्या तयार करीत असलेले डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणारे रसायन, कमी पडू लागते, हे तुम्हाला सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलेच आहे. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी घालाव्यात, ही कल्पना चुकीची नाही. याच वर्षी एप्रिलमध्ये अशा दोन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक अमेरिका व कॅनडात 12 रुग्णांवर झाली, दुसरी जपानमध्ये क्योटोला 7 रुग्णांवर. दोन्हींत स्टेम सेलपासून (म्हणजे ज्यांतून इतर पेशी घडवता येतात त्या मूळ पेशींपासून) प्रयोगशाळेत खास डोपामिन तयार करण्यासाठी वाढवलेल्या पेशी शस्त्रक्रिया करून थेट मेंदूत ठेवल्या होत्या, आणि दोन्हींचा मुख्य प्रश्न एवढाच होता की हे करणे सुरक्षित आहे की नाही. उत्तर आशादायक आले. पण आजार बरा झाला असा दावा त्या संशोधकांनीसुद्धा केलेला नाही. तुमच्या माहितीपत्रकातील केंद्र मात्र पोटाच्या चरबीतून पेशी काढते आणि हाताच्या शिरेतून सोडते. त्या पेशी मेंदूत नेमक्या जागी जाऊन डोपामिन तयार करू लागतात, याला कसलाही पुरावा नाही. नाव तेवढे सारखे, बाकी काहीच सारखे नाही.

तुम्ही लिहिले आहे की तिथे जाऊन आलेल्या एका गृहस्थांना खरोखर बरे वाटले, ते दादाशी स्वतः बोलले, आणि त्यांना खोटे बोलण्याचे कारण काय? काहीच कारण नाही, बाबा. ते खरेच बोलत असणार, आणि अडचण तिथेच आहे. अमेरिकेत 40 रुग्णांवर एक चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2001 साली आले. निम्म्या रुग्णांच्या मेंदूत पेशी घातल्या. उरलेल्यांच्या कवटीला नुसती छिद्रे पाडली, आत काहीही घातले नाही. कोणाला काय मिळाले हे वर्षभर रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि त्यांना तपासणाऱ्यांनाही. वर्षानंतर ‘तुम्हाला एकंदर कसे वाटते’ या मुख्य प्रश्नाच्या उत्तरांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पुढे त्यांतल्याच काही रुग्णांची आणखी बारकाईने पाहणी झाली, तेव्हा असे दिसले की आपल्याला पेशी मिळाल्या अशी ज्यांची समजूत होती, त्यांना अधिक बरे वाटत होते, मग प्रत्यक्षात काही मिळालेले असो वा नसो. आणि ज्यांना खरोखर पेशी मिळाल्या होत्या, त्यांच्यापैकी काहींना नंतर गोळ्या बंद असतानाही अंग आपोआप वेडेवाकडे हलण्याचा त्रास जडला.

कंपवातात हे विशेष घडते, कारण आशेने मेंदूत डोपामिनच सुटते. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी मेंदूची छायाचित्रे काढून हे 2001 मध्येच दाखवले : औषध म्हणून नुसते निष्क्रिय द्रव्य दिले तरी रुग्णाच्या मेंदूत स्वतःचे डोपामिन वाढले. म्हणजे त्या गृहस्थांना वाटलेले बरेपण मनाचे खेळ म्हणून उडवून लावता येत नाही. ते टिकते किती आणि त्यासाठी वावर विकावे काय, एवढाच प्रश्न आहे.

‘निम्म्या लोकांना खोटे औषध देणे ही फसवणूक नव्हे काय?’ हा तुमचा प्रश्न कंपवातावरील औषधांच्या चाचण्या करणाऱ्या आमच्या विभागात मी सर्वांना वाचून दाखवला. इथे रुग्णाला पहिल्याच दिवशी लेखी सांगितले जाते की तुम्हाला औषध किंवा निष्क्रिय द्रव्य यांपैकी काहीही मिळू शकते, आणि तो समजून उमजून सही करतो. त्याच्या नेहमीच्या गोळ्या चालूच राहतात. माझे काम असे की गेल्या सोमवारी एक निवृत्त बसचालक रात्रीपासून गोळी न घेता आले. मी त्यांना अंगठा आणि तर्जनी शक्य तितकी फाकवून, शक्य तितक्या वेगाने एकमेकांवर आपटायला सांगितले. पहिल्या चार-पाच वेळा बोटे छान उघडली, मग अंतर कमी कमी होत गेले, मध्येच बोटे अडखळली आणि चिकटल्यासारखी थांबली. यालाही शून्य ते चार असे गुण असतात. त्यांना औषध मिळते की निष्क्रिय द्रव्य हे मला कळू दिलेले नाही. कळले असते, तर त्या बोटांकडे पाहताना माझ्याही डोळ्यांनी पक्षपात केला असता.

अशी चाचणीही थोड्याच रुग्णांवर करून थांबले तर काय होते, याचे अगदी ताजे उदाहरण देते. अमेरिकेच्या वाळवंटात गिला नावाचा विषारी सरडा आहे. त्याच्या लाळेतील एका द्रव्यावरून मधुमेहाचे एक्सेनाटाइड हे औषध तयार झाले. (बाजारातल्या घोरपडीच्या तेलावर तुम्ही किती हसायचात, ते इथे आठवले.) 2017 साली लंडनमध्ये 62 कंपवात रुग्णांवर त्याची चाचणी झाली, तेव्हा औषध मिळालेल्यांची हालचाल इतरांपेक्षा थोडी चांगली राहिली आणि जगभर मोठी आशा निर्माण झाली. मग ब्रिटनमध्ये 194 रुग्णांना घेऊन 96 आठवड्यांची मोठी चाचणी झाली. या फेब्रुवारीत निष्कर्ष आले : काहीही उपयोग नाही. इतकी वर्षे मेहनत घेतलेल्या मंडळींनी हे स्वतःच छापले. मला त्या अपयशाबद्दल वाईट वाटले, पण त्या छापण्याबद्दल आदरही वाटला. तुमच्या माहितीपत्रकात अपयश आलेला एकही रुग्ण नाही, हे लक्षात आले काय?

आता वैद्यबुवांनी सुचवलेल्या खाजकुयलीच्या चूर्णाविषयी. इथे माझे उत्तर वेगळे आहे, कारण खाजकुयलीच्या बियांत लेवोडोपा खरोखरच असते, तुमच्या गोळीत असते तेच, ज्याचे मेंदूत डोपामिन होते. मद्रासच्या शास्त्रज्ञांनी 1937 मध्ये ते या बियांतून वेगळे काढले होते. शाळेच्या बाकांवर पोरांनी ज्या शेंगांची कुसे पसरली म्हणून तुम्ही अख्ख्या सातवीला उन्हात उभे केले होते, तीच ही वेल! सर्पगंधेचाही यात वाटा आहे : तिच्यातील रेसर्पिन हे मेंदूतले डोपामिन घटवणारे द्रव्य दिल्यावर ससे निपचित पडले आणि लेवोडोपा टोचताच उठून हिंडू लागले, हे स्वीडनच्या आर्व्हिद कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवले आणि त्या संशोधनासाठी त्यांना 2000 साली नोबेल मिळाले. पुढे 2004 मध्ये लंडनलाच 8 रुग्णांवर खाजकुयलीची रीतसर चाचणी झाली. 30 ग्रॅम चूर्णाचा परिणाम गोळीच्या जवळपास निम्म्या वेळात सुरू झाला आणि थोडा जास्त टिकला. तेव्हा वैद्यबुवा हवेतले बोलत नाहीत. पण आठ रुग्ण म्हणजे फार थोडे, आणि डब्यातील चूर्णात लेवोडोपा किती हे डब्यागणिक बदलते. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतले, तर मात्रा नकळत वाढून भ्रम, मळमळ, अंग हलणे यांपैकी काहीही होईल. म्हणून डॉक्टरांना डबा दाखवल्याशिवाय घेऊ नका, आणि चूर्णाच्या भरवशावर गोळी एकाएकी तर मुळीच सोडू नका. ते जिवावर बेतू शकते.

फवारणीमुळे हे झाले काय, असे आईने विचारले आहे. एका माणसाबद्दल असे सांगता येत नाही. पण पॅराक्वाट या तणनाशकाशी कंपवाताचा संबंध अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या पाहणीत दिसला आहे, आणि युरोपीय संघात ते 2007 पासून बंद आहे. दादाला सांगा की ते वापरणे सोडावे. 2017 मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने काय झाले ते त्याने पाहिलेच आहे.

तुमच्या पत्रातील अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेलेले दिसले. तेही याच आजाराचे लक्षण आहे, पण मला त्यातून वेगळाच संशय येतो : ते पत्र गोळीचा परिणाम उतरल्यावर लिहिलेले असावे. आई म्हणते की तुम्ही दुपारची गोळी वरण-भाकरीबरोबर घेता. तुरीच्या वरणातील प्रथिने आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत शिरतात आणि त्या गर्दीत औषध मागे पडते. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी नुसत्या पाण्याबरोबर घेऊन पाहा. मळमळ झाली तर डॉक्टरांना सांगा. शिवाय आमचे रुग्ण ठेवतात तशी तीन दिवसांची नोंद ठेवा : दर अर्ध्या तासाला हालचाल मोकळी होती, जखडली होती की अंग आपोआप हलत होते, आणि गोळी व जेवण केव्हा झाले. ती वही पुढच्या खेपेला सेवाग्रामला न्या. चार लाखांच्या सुईपेक्षा त्या वहीचा उपयोग होईल, असे मला मनापासून वाटते.

केंद्राचा माणूस पुन्हा आला, तर दादाने त्याला विचारावे की तुमच्या चाचणीचा सीटीआरआय (भारतातील चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक काय, कोणत्या नैतिकता समितीने मान्यता दिली, आणि इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार. आपल्याकडे 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार सोडले, तर मूळ पेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तो पैसे मागतो आहे, म्हणजे ती चाचणी नव्हे. तुम्हाला खऱ्या चाचणीत जायचे असेल, तर मी आडवी येणार नाही. सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरांना विचारा आणि कागद आधी मला पाठवा.

गोळ्यांच्या वेळांचा तक्ता मोठ्या अक्षरांत छापून दादाच्या मोबाईलवर पाठवला आहे. तो आईने चुलीजवळच्या भिंतीवर लावावा. आईस व दादास नमस्कार, वहिनींस सप्रेम नमस्कार, मुलांस आशीर्वाद. यंदा कापसाला भाव काय लागला ते दादाने कळवावे.

आपली आज्ञाधारक लेक,
वर्षा