बापूला मोठी टाकी हवी आहे

सांगली, 20 एप्रिल

प्रिय पक्या,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही, तुझे तीन फोनही मी घेतले नाहीत. रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर आटोक्यात. झालं.

मी मासा पाळलाय. ऑस्कर. मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला, वाढला की फूटभर होणारा. गणपतीत जोडी आणली तेव्हा दोन-दोन इंचांची पिल्लं होती. दुकानदार म्हणाला, "टाकीएवढाच वाढतो, काळजी नको." तीन फुटी टाकी घेतली, दुपारी पाणी भरलं, संध्याकाळी मासे सोडले. नवव्या दिवशी एक गेला. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं रे! मग कळलं, माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो, तो डोळ्याला दिसत नाही. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी मुरवावी लागते, लोणच्यासारखी. त्यात मी स्पंज नळाखाली खळाखळा धुतला. क्लोरीननं होते नव्हते तेही जिवाणू गेले असणार. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हे एक जीव गेल्यावर शिकलो. त्या रात्री घास उतरला नाही. घरात सगळे म्हणाले, मासा तर होता! तू असतास तर गप्प बसून राहिला असतास.

उरलेला तो बापू. आता वीतभर झालाय. सकाळी मी चष्मा लावून खोलीत आलो की काचेशी येऊन अख्खं अंग हलवतो, दुसरं कुणी आलं तर ढिम्म. पेलेट तोंडात घेतो, चावतो, निम्मा चुरा कल्ल्यांतून बाहेर. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका आणि भोवती नारिंगी कडं, दुसरा डोळाच जणू. रात्री गोटे तोंडानं उचलून इकडचे तिकडे करतो, त्याचा टकटक आवाज येतो. पण वळताना आता त्याची शेपटी काचेला घासते, पक्या. ते बघवत नाही.

त्याला चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी हवी. म्हणजे साडेचारशे लिटर पाणी. काच, स्टँड धरून सहाशे किलोच्या आसपास. घराच्या जमिनीवर चौरस मीटरला दोनशे किलो धरतात ना? टाकी जेमतेम पाऊण चौरस मीटर जागेवर उभी, हिशोब केला तर हे जवळजवळ चौपट होतं. आणि आमचा माडीचा मजला सागवानी तुळयांवरचा, तुला माहीतच आहे. आपण उड्या मारायचो तेव्हा अण्णा खालून काठी ठोकायचे.

मग खाली ठेव म्हणशील. खाली? ऑगस्ट 2019 विसरलास? आयर्विन पुलाशी 45 फूट म्हणजे धोका, आणि पाणी 57 च्या वर गेलं होतं. आपण दोघांनी देव परातीत घेऊन माडी गाठली होती. तसं पाणी पुन्हा आलं तर बापू टाकीच्या काठावरून सरळ कृष्णेत.

परवा मेव्हणे म्हणाले, "एवढा त्रास, तर सोडून द्या नदीत." मला सातवी आठवली. माझा गोल्डफिश तू मला न विचारता घाटावर सोडलास आणि वर म्हणालास, "मोकळा केला." महिनाभर आपण बोललो नाही. तुझं मन चांगलं होतं हे तेव्हाही माहीत होतं, पण तू चुकलास, मी आजही हेच म्हणेन. नदी परक्या माशाची नसते. चिलापी आफ्रिकेतून आणला, आज उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात तोच. 2023 साली तर दल सरोवरात अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार मासा सापडला. कुणीतरी हौसेनं पाळून कंटाळलेलाच असणार. बापूला मी नदीत सोडणार नाही, आणि तीन फुटांत कोंडूनही ठेवणार नाही.

एक सुचलंय. टाकी माडीवर नेता येत नाही, पण मासा नेता येतो. खाली मोठी टाकी, माडीवर दोनशे लिटरचं झाकणाचं पिंप. मुरलेला जादा स्पंज, बॅटरीवरचा हवेचा पंप. पाणी चाळिसाला पोचलं, इशारा झाला, की बापूला उचलायचं. पण पाणी रात्री वाढलं आणि मी बाहेरगावी असलो तर? आईला हा जड, निसटता मासा उचलवेल? रोज रात्री इथेच येऊन अडतो.

म्हणून तू ये. तू इतकी वर्षं लोकांचे बीम तपासतोस, माझ्या चार तुळया बघ. भिंतीलगत, तुळयांवर आडवी टाकी बसत असेल तर सांग, नसेल तर स्पष्ट नाही म्हण. तुझं ऐकेन.

वहिनींची बदली झाली का? चिन्मयचे दहावीचे पेपर बरे गेले ना? नव्या घराचे फोटो पाहिले, गॅलरी छान आहे.

मेमध्येच ये, पावसाच्या आत. आई कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत करेल. बापूला हातानं खाऊ घालू देईन, पण त्याआधी हात नुसत्या पाण्यानं धुवायचे, साबण नाही.

तुझा,
सुन्या