आंबट बिअर तांब्याच्या पेल्यात नको

संपादक महोदय,

ताडोबाच्या वाटेवरच्या काही रिसॉर्टांत पाहुण्यांना बेल्जियमची आंबट बिअर तांब्याच्या पेल्यात नाहीतर बिनझिलईच्या कुल्हडात देण्याची टूम निघाली आहे. परवाना असला तरी भांडे चुकीचे, आणि तांबे तर सरळ धोक्याचे.

ब्रसेल्सच्या नैऋत्येकडच्या पायोटेनलँडमधली ही लँबिक हवेतल्या यीस्ट-जिवाणूंवर आंबते आणि ओकच्या पिंपांत एक ते तीन वर्षे मुरते. तिचा पीएच ३.५ च्या आसपास, म्हणजे ती ताकापेक्षा आंबट. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. इथेही तांबे उतरते, चव कडवट होते आणि मळमळ, उलटी होऊ शकते. कुल्हड पाझरते, शिवाय मातीचा वास बिअरला लागतो.

पिंपातली बिनफेसाची लँबिक तिकडे करड्या-निळ्या दगडी मातीच्या 'जग'मध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यात, काढतात. १२०० अंशांच्या वर भट्टीत मीठ टाकले की त्याच्या वाफेने काचेसारखी झिलई चढते. आंबट तिला काही करत नाही. लोणच्याची चिनी मातीची बरणी याच जातीची. भद्रावतीच्या कारागिरांना असा जग जमेल, फक्त झिलईत शिसे नको. प्यायला मात्र जाड बुडाचा काचेचा ग्लासच हवा. गोड हवी असेल त्यांना साखरेचा खडा द्यावा. तो ग्लासातच ठेचायला तिकडे 'स्टुम्पर' नावाचा धातूचा दांडा असतो.

'गझ' या बाटलीतल्या लँबिकची तऱ्हा वेगळी. कोवळी आणि जुनी लँबिक मिसळून ती बुचाच्या जाड बाटलीत पुन्हा आंबवतात, त्यामुळे आत जोराचा वायू आणि तळाला गाळ. बाटली आडवी ठेवली असेल तर वरच्या बाजूला खडूची खूण करावी आणि ती तशीच, न फिरवता, वेताच्या तिरक्या टोपलीत घ्यावी. तोंड इतके वर हवे की बूच काढताना बिअर काठाला येणार नाही. अशी टोपली आपले बुरूड बांबूची सहज विणतील. ग्लास ओळीने मांडून एका कलत्यात सगळे भरावेत. मध्ये बाटली सरळ केली की गाळाची लाट उठते आणि पुढचा प्रत्येक ग्लास गढूळ होतो. टोपली नसेल तर बाटली दोन दिवस उभी ठेवावी.

देताना १२ अंशांच्या आसपास द्यावी. बर्फगार केली तर नुसता आंबटपणा उरतो, वास मरतो. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पेट्या ठेवू नयेत: तापलेली बाटली उघडताच निम्मी फेसात जाते, कधी बूचच उडते.

— एक वाचक, भद्रावती (जि. चंद्रपूर)