आमची झर मोकळी करणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, नमस्कार.

तुम्ही खानापूरला निघालात तेव्हा सगळा वाडा कळश्या घेऊन झरीवर होता. त्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

केसरवाळच्या झरीवर पावसाळ्यात लांबलांबून माणसं न्हायला येतात. नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी बघायला पर्यटक येतात. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या या झरीला वाड्याबाहेर कोणी ओळखत नाही. पण आमचं प्यायचं पाणी तिचं, पोफळी-केळींचं शिंपण तिचं आणि देवाच्या अभिषेकाचा कलशही तिचाच. तिचं सुशोभीकरण झालं. तोंडाशी काँक्रीटची भिंत आली, खाली गुळगुळीत फरशी आली, वर नावांचा फलक लागला. पुढच्या वैशाखात धार करंगळीएवढी उरली. बघायला आलेल्या साहेबांनी फोटो काढले, डोंगरातलंच पाणी आटलं म्हणून सांगितलं आणि बोअरवेल मारायचा सल्ला देऊन ते गेले. त्यांच्यातला एकही पायऱ्या उतरून खाली आला नाही. याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

तुम्ही आलात ते हत्यारं खाली ठेवून थेट माझ्या आईकडे गेलात. "आई, तुम्ही कळशी लावायचात ती नेमकी कुठे?" एवढंच विचारलंत.

काका, आई ऐंशीच्या घरात आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने त्या झरीचं पाणी भरलं. तरी हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता, आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही. खाली येऊन दाखवते म्हणाली, तेव्हा तुम्ही शेवाळलेल्या पायरीवर तुमचं गोणपाट अंथरलंत आणि हात धरून तिला एकेक पायरी उतरवलीत. तिने काँक्रीटवर तळवा टेकवला: मोठी धार इथे. मग डावीकडे, गुडघ्याच्या उंचीवर: ही बारीक, पण वैशाखातही न थांबणारी. तुम्ही दोन्ही जागी कोळशाने गोल काढलेत. मागून आम्ही मध्येच बोलायला लागलो तर म्हणालात, "आधी यांचं सांगून होऊ दे." तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जे दिसलं, त्याचे आभार मला शब्दांत मानता येत नाहीत.

सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरचा पाऊस जांभ्याच्या भोकाभोकांतून खाली मुरतो, शेडीच्या, म्हणजे चिकण मातीच्या थराला लागला की आडवा सरकतो आणि पायथ्याशी बाहेर येतो. तोंड बुजवलं तर पाणी दुसरी वाट शोधतं. भिंतीच्या कडेला पोफळींच्या मुळांशी कायम ओल असायची, ती आम्ही रोज बघत होतो. तिचा अर्थ तुम्ही सांगितलात. हादऱ्याने आतल्या फटी मिटतील म्हणून मशीन लावू दिलं नाहीत, छिन्नी-हातोडीनेच काम केलंत. कोळशाच्या खुणेवर सिमेंट फुटलं, आधी गढूळ पाणी आलं आणि संध्याकाळी निवळ. मग सिमेंटचा कणही न वापरता चिरे नुसते रचलेत, पाण्याला वाट ठेवून.

घाटावरून येणाऱ्या कामगारांबद्दल आमच्याकडे काय काय बोलतात ते तुम्हीही ऐकलं असेल. आमची घरं, देवळं, गडगे त्यांच्याच हातांनी उभे राहतात, तरी पाणी द्यायचं तर वेगळा पेला शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. चांगुलपणाला गाव-जात नसते हे आम्ही कीर्तनात ऐकतो आणि मान डोलावतो. तुम्ही म्हाताऱ्या बाईचं ज्ञान कामाचं मानलंत, तिचा शब्द आराखड्यावर ठेवलात. असं वागायला पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. तरी इतकी कमी माणसं तसं वागतात.

आता वरच्या सड्यावर प्लॉटसाठी डोंगरकापणीच्या खुणा पडल्या आहेत. सडा कापला तर झरीत पाणी येणार कुठून, हे तुम्ही सांगितलंत तसंच आम्ही ग्रामसभेत मांडणार आहोत. आई स्वतः येऊन बोलणार म्हणते.

आणि चतुर्थीला या. घरच्यांना घेऊन या. गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधायचे सुपारीचे घड आपल्याच कुळागरातले असतील. जेवल्याशिवाय आई सोडायची नाही.

तुमचा,
वाड्यावरचा एक कुळागरवाला