नहराचं तोंड जुळलं पाहिजे

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या पत्रांच्या कॉलममध्ये एका वाचकानं लिहिलं होतं की खेड्यातले पोट्टे दिवसभर मोबाईलमध्ये मुंडकं घालून बसतात, त्यांना हाताला काम म्हणून राहिलं नाही. खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या पवनी तालुक्यात चार-पाच पोट्टे आणि पंचेचाळिशी ओलांडलेला मी, असे सगळे मिळून दोन उन्हाळ्यांपासून थर्माकोलचा नहर खोदून राहिलो आहोत, आणि त्यात आमचं एक काम तुमच्यापाशी अडलं आहे, म्हणून हे पत्र.

हा नहर एका खेळासाठी आहे, खेळ असा. टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे, टेपनं इंच मोजून सैनिक पुढं सरकवायचे. बाहेरच्या देशात याचे सैनिक साधारण २८ मिलिमीटरचे येतात पण महाग लय, म्हणून आम्ही जत्रेतले प्लास्टिकचे सैनिक घेतो आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवतो. सैनिक काय, कुठूनही येतील. खरी मजा जमिनीची आहे. जमीन एकदाच बनवून ठोकून टाकली तर दोन खेळात कंटाळा येतो, म्हणून ती फूट बाय फूटच्या तुकड्यांत बनवायची, मग आज नहर इकडून वळला तर उद्या तिकडून. ही अक्कल काही नवीन नाही. १८१२ मध्ये प्रशियाच्या (जुन्या जर्मन राज्याच्या) राजासाठी रायस्वित्झ नावाच्या माणसानं एक टेबलच बनवलं होतं, त्याच्या ड्रॉवरमध्ये रस्त्याचे, नदीचे, डोंगराचे चौकोनी तुकडे ठेवलेले, पाहिजे तसे काढा आणि मांडा. राजासाठी तसं टेबल होतं म्हणा, आमच्यासाठी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आहे. (नवीन थर्माकोल विकत घेऊच नका, २०१८ पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि वाऱ्यानं उडालेले त्याचे दाणे वेचता वेचता कंबर मोडते. दुकानदार जुने खोके फुकट देतो.)

नहरच का, तर आम्हाला दुसरं काय माहीत आहे? २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हातानं आमच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं, खर्च तेव्हा ३७२ कोटी धरला होता, मी प्रायमरीत होतो. तेव्हापासून नहर, पाटचारी, मायनर (लहान नहर), गेट, टेल (नहराचं शेवटचं टोक) हे शब्द ऐकतच मोठा झालो. आमचे पोट्टे पोहायला शिकले ते नहरात, बकऱ्या चारतात त्या नहराच्या पाळीवर, बेशरमीच्या काड्या तोडतात त्या तिथूनच. किल्ला बनवा म्हटलं तर फोटो शोधावा लागला असता, नहर बनवा म्हटलं तर काही विचारावंच लागलं नाही.

आणि तिथंच फसलो. ज्यानं त्यानं आपापल्या घरी आपापला तुकडा बनवून आणला. एकाचा नहर बरोबर मधून, एकाचा बाजूला सरकलेला, एकाचं पाणी काठापासून बोटभर खाली तर दुसऱ्याचं काठोकाठ. पाच तुकडे जोडले तर नहर पायऱ्या उतरत चालला होता. तिथं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं (आयुष्यभर पाटकरी म्हणून नहरावर फिरलेला माणूस) नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "बाप्पा, हे पाणी तर दुसऱ्या बांधीलेही नाही पुरत." (बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा.) खरा नहर किलोमीटरमागे वीतभर उतारावर चालतो, तेवढ्याशा उतारावर पाणी मैलोन् मैल जाते, म्हणून लेव्हल चुकली की सगळं चुकलं. पण त्याच्या बोलण्यातून मला एक गोष्ट सुचली. किलोमीटरला वीतभर म्हणजे फुटाच्या तुकड्यात तो उतार केसाएवढासुद्धा येत नाही. म्हणून आपला तुकडा सपाटच ठेवायचा, आणि सपाट आहे म्हणूनच तो कसाही फिरवून लावता येतो. उतार दिला असता तर प्रत्येक तुकड्याला वरची बाजू आणि खालची बाजू झाली असती आणि खेळच बसला असता.

मग बसून माप ठरवलं. तुकडा १२ इंचाचा, थर्माकोल एक इंच जाड, खाली तीन मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबलेली पाटी). नहर बरोबर मधोमध, वरून चार इंच रुंद, तळाला तीन इंच, दोन्ही बाजूंनी चार-चार इंच जमीन. पाणी काठापासून अर्धा इंच खाली. मधोमध का, तर तुकडा उलटा फिरवला तरी तोंडाला तोंड येते, अर्धा इंच जरी सरकवला तरी फिरवल्यावर एक इंचाचा फरक पडतो. आपल्या सैनिकाच्या हिशोबानं साठपट धरलं तर हा नहर सहा मीटरचा होतो, म्हणजे मायनरपेक्षा मोठा आणि मेन कॅनॉलपेक्षा लहान. खऱ्या मातीच्या नहराचे काठ यापेक्षा लय सपाट असतात, दीडास एक वगैरे (एक फूट खोलीला दीड फूट पसरट), पण तसे केले तर काठच तीन इंच खाऊन टाकतात आणि सैनिक उभा करायला जागा राहत नाही. इथं खोटं बोलावं लागते.

चार बाय चार फुटाच्या टेबलाला सोळा तुकडे लागतात. आमचा हिशोब पाच सरळ, चार वळणाचे, दोन तिफाटे (जिथं नहराला तिसरी फाटी फुटते), एक गेटचा आणि चार नुसत्या बांध्यांचे. पूल तुकड्याला चिकटवायचा नाही, सुटा ठेवायचा, म्हणजे कोणत्याही सरळ तुकड्यावर बसतो. पुलाची रुंदी अडीच इंच, दोन झाकणं बाजूबाजूनं गेली पाहिजेत. आणि पूल एकच ठेवू नका, आम्ही ठेवला होता, अख्खा खेळ त्या पुलाच्या तोंडाशी ढकलाढकलीत गेला. दोन पूल आणि कुठंतरी गुरं उतरतात तसा एक घसरता काठ, एवढं असलं की दोन्ही पार्ट्या विचार करायला लागतात.

सामानाच्या चुका सांगतो, म्हणजे दुसऱ्याचे पैसे वाचतील. एका पोट्ट्यानं हौसेनं स्प्रेचा डबा आणला आणि काठावर मारला, काठ डोळ्यांदेखत विरघळून भोकं भोकं झाला. स्प्रे, थिनर, थिनरवाला गोंद यातलं काहीच उघड्या थर्माकोलला चालत नाही. फेविकॉल चालतो. पहिले फेविकॉल आणि बारीक रेतीचा लेप द्या, वाळू द्या, मग पाण्यात कालवायचा रंग. पण लेप फक्त वरून दिला तर वाळताना आवळतो आणि एमडीएफ पापडासारखा वर येते, म्हणून खालूनही एक हात मारायचा. तापलेल्या तारेनं थर्माकोल कापत असाल तर अंगणात कापा, धूर छातीला बरा नाही, पोट्ट्यांच्या हातात तर तार देऊच नका.

पाण्यासाठी रेझिन (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं) आणलं होतं. महाग पडलं, आणि एकदम जाड ओतलं तर ते इतकं तापलं की खालचा थर्माकोल बसला. शिवाय तुकड्याचं तोंड उघडं, तिथं टेप लावून अडवावं लागते आणि रेझिन टेपवर चढून कडेला उंच रेघ सोडते, म्हणजे नेमका जोड दिसायला लागतो. आता आम्ही नुसता रंग देतो आणि वरून चकचकीत वार्निशचे चार-पाच हात. रंगाचं काम झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरभाऊनं शिकवलं, दिवाळीनंतर त्याला वडसाकडच्या नाटकांतून फुरसत नसते पण उन्हाळ्यात रिकामा असतो. पोट्ट्यांनी नहर निळा केला होता. तो म्हणाला, नहराचं पाणी निळं कधी पाहिलं का बे? मग मध्ये गडद शेवाळी, काठाकडे येत येत मातकट, आणि काठाला लागून पांढुरकी बारीक रेघ. नुसत्या रंगात खोली दिसते. मी तर म्हणतो त्या माणसानं पंचवीस वर्षं पडद्यावर नदी दाखवली आहे, त्याला रेझिन कायले पाहिजे.

आता तुमच्यापाशी अडलेलं काम. शेजारच्या लाखांदूर तालुक्यातल्या एका गावातले पोट्टे आणि तिकडे ब्रह्मपुरीकडचा एक मास्तर, दोघांनाही असे तुकडे बनवायचे आहेत, एखाद्या रविवारी सगळ्यांचे आणून एकत्र मोठा नहर जोडू असं ठरलं आहे. मी फोनवर माप सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पाठवलं, त्यांनी प्रिंट काढली तर प्रिंटरनं कागदात बसवायला ती लहान करून टाकली आणि त्यांचा नहर साडेतीन इंचाचाच आला. तेव्हा तुमच्या पेपरचं पान मी आडवं मोजून पाहिलं, फूटभराची रेघ त्यात बसते. तुमच्या मुलांच्या पानावर खालच्या बाजूनं तुकड्याच्या तोंडाचं खऱ्या मापाचं चित्र छापता का? चार इंच जमीन, उतरता काठ, तळ, पाण्याची रेघ, पुन्हा काठ, पुन्हा चार इंच, बस. पेपर गावोगाव जातो, कापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, झाला फर्मा.

चित्र सोबत जोडलं आहे, पेनानं काढलं आहे पण माप बरोबर आहे. जागा कमी पडली तर हे पत्र कापा, चित्र लहान करू नका.

आपला,
एक वाचक
ता. पवनी, जि. भंडारा