रात्री अडीचच्या मेसेजला उत्तर

प्रिय मित्रा,

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या तुझ्या लेकाच्या झोपेबद्दलचा तुझा रात्री अडीचचा मेसेज सकाळी वाचला. "परत जागाच आहे, औषध थुंकलं, मी ओरडलो त्याच्यावर आणि आता मलाच रडू येतंय." वाचून पोटात कालवलं रे. त्या वेळी जागा असतो तर लगेच फोन केला असता. पण फोनवर सगळं नीट सांगून होत नाही म्हणून लिहितोय, लांबलचक होणार आहे, सवडीने वाच आणि वहिनीलाही वाचायला दे.

सगळ्यात आधी, त्याला औषध दुधात गुपचूप मिसळून देणं आजपासून बंद कर. आमची लेक चार वर्षांची होती तेव्हा मी हेच केलं होतं. तिचा एक निळा कप होता, दूध फक्त त्यातूनच प्यायची. मी त्यात चिमूटभर पावडर टाकली, रंगसुद्धा बदलला नव्हता. तिने कप तोंडाजवळ नेला, वास घेतला, खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी हळूहळू टेबलाच्या पार कडेपर्यंत सरकवला. रडली नाही, ओरडली नाही. पण पुढचे पाच महिने दूध बंद, आणि त्या कपातून साधं पाणीसुद्धा नाही. आधीच मोजून चार गोष्टी खायची, त्यातली एक मी घालवली. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना वास, चव, तोंडात लागणारा पोत हे सगळं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतं, त्यामुळे त्यांना कळणार नाही असं धरूनच चालू नको.

मग आम्ही उघडपणे द्यायला लागलो. चित्रांचा छोटा तक्ता केला, आधी औषध, मग पाणी, मग तिचा भोवरा. सुईशिवायची सिरिंज आठवडाभर नुसती खेळायला दिली, मग तिच्यात पाणी, मग पाण्यात औषधाचे दोन थेंब, असं करत पूर्ण डोसपर्यंत यायला तीन आठवडे गेले (डॉक्टरांना विचारूनच, कारण हे औषध थांबून चालण्यासारखं होतं). मूल ताठ बसलेलं हवं, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला आणि थोडं थोडं सोडायचं. झोपवून किंवा नाक दाबून कधीच नाही, ठसका लागून औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि गोळी कुटून द्यायच्या आधी विचारून घे, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

दुसरं म्हणजे तू त्याला देतोस ती पाच सप्लिमेंट (जीवनसत्त्वं वगैरेंची पूरक औषधं). अरे, पाच एकदम सुरू केलीस तर फरक कशाने पडला आणि त्रास कशाने झाला हे कळणार कसं? सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर नेऊन ठेव. ड जीवनसत्त्व शरीरात साठत जातं, जास्त झालं तर अपाय होतो. पुढे जे काही ठरेल ते एका वेळी एकच सुरू कर आणि वहीत रोज लिही, कधी झोपला, किती वेळा उठला, पोट साफ झालं का.

आमच्याकडे त्या वहीनेच वाट दाखवली. लेक रात्रभर पाय झाडायची, सकाळी चादर पायथ्याशी बोळा होऊन पडलेली असायची आणि हे मी महिनाभर रोज लिहीत होतो. डॉक्टरांनी ते वाचून फेरिटिन तपासायला सांगितलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. आकडा बराच कमी निघाला. पाय अस्वस्थ असतील तर झोपेचे डॉक्टर हा आकडा ५० च्या वर असावा असं बघतात. लोह सुरू झालं, दुधासोबत नाही कारण दुधाने ते नीट शोषलं जात नाही, आणि तीनेक महिन्यांनी एका सकाळी चादर तिच्या अंगावरच होती. मी बायकोला हाक मारून दाखवली. पण रिपोर्टशिवाय लोह देऊ नकोस, लहान मुलांना त्याचा जास्त डोस जिवावर बेतू शकतो. बाटली कुलपात ठेव.

मेलाटोनिनचं विचारलं होतंस. हे झोपेचं संप्रेरक, अंधार पडला की मेंदू ते स्वतःच तयार करतो. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शनात क्रम स्पष्ट आहे, आधी दुसरी कारणं आणि झोपेच्या सवयी बघा, मग मेलाटोनिन, झोपेच्या ३० ते ६० मिनिटं आधी, १ ते ३ मिलिग्रॅमपासून. मेलाटोनिनच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) मात्र नकोच. २०२३ मध्ये अमेरिकेत २५ गमीज तपासल्या तर २२ मधलं प्रमाण लेबलशी जुळत नव्हतं, एकात तर मेलाटोनिनच नव्हतं. डॉक्टर लिहून देतील तेच आण.

आणि तू त्याला आठला झोपवायला नेतोस, झोपतो तो अकराला, मग ते तीन तास बिछाना म्हणजे भांडणाची जागा होते रे. काही दिवस त्याला अकरालाच ने, पटकन झोपायला लागला की पंधरा पंधरा मिनिटं अलीकडे घे. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, सुट्टीतसुद्धा. तासभर आधी दिवे मंद, मोबाइल बंद. वजनदार पांघरुणावर खर्च करायची घाई नको, २०१४ च्या अभ्यासात त्याने झोप वाढली नाही, मुलांना ते आवडलं मात्र.

एक राहिलंच, दात, बद्धकोष्ठता, अ‍ॅसिडिटी, घोरणं हे पण तपासून घे. त्याला दुखतंय हे सांगता येत नाही, तो फक्त जागा राहतो.

ओरडलास त्याबद्दल स्वतःला खात बसू नकोस. उद्या रात्री तू झोप, वहिनी जागेल, परवा उलट, दोघं एकदम जागू नका. आणि फेरिटिनचा रिपोर्ट आला की मला फोटो पाठव, कितीही वाजता.

तुझाच

ता.क. रिकामी सिरिंज आजच दे त्याच्या हातात, आत काही भरू नकोस.