बाबा, एफडी मोडू नका

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

काल बाबा फोनवर म्हणाले की एफडी मोडतो, तू मोठी डिझेलचीच गाडी घे, पैशाकडे पाहू नको, आणि मी काही बोलायच्या आत फोन आईकडे दिला. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही बाबा, म्हणून हे लिहून राहिली आहे, चष्मा लावून शांतपणे वाचा आणि आईलाही वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

एफडी मोडायची नाही. ती आईच्या गुडघ्यासाठी आहे, तिचं ऑपरेशन पुढं ढकलून मी गाडीत बसणार नाही.

गाडी मात्र आता लागतेच, हे तुमचं बरोबर आहे. सहा वर्षं झाली अपडाऊनला, पहाटे साडेपाचला घर सोडायचं, एसटीनं परतवाडा, तिथून काळी-पिवळी भरेपर्यंत थांबायचं मग शाळा, आणि संध्याकाळी परत तेच, घरी पोचेपर्यंत पोरगी जेवून झोपायला आलेली असते. एका बाजूनं ६२-६३ किलोमीटर, म्हणजे दिवसाला १२५ झाले. महिन्याचे २२ दिवस धरले तर २,७५० किलोमीटर. इतकं रोजचं चालणं असलं की गाडीच्या किमतीइतकंच ती पितो किती हे पाहावं लागते. आमची जुनी गाडी लिटरला १५ देते, मी तीच रोज नेली तर पेट्रोल १०५ धरून महिन्याला १९ हजारांच्या वर जातात, ते काही मला झेपत नाही.

बाबा, तुमचं डिझेलचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. तुम्ही ट्रॅक्टर चालवला, जीप चालवली, डिझेलच्या गाडीनं तुम्हाला कधी दगा दिला नाही हे मला माहीत आहे. पण मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंदच केल्या, लहान गाडीत डिझेल पाहिजे तर टाटाची अल्ट्रोज आहे, ती पण पाहून आली. किंमत पेट्रोलपेक्षा दीड लाखाच्या आसपास जास्त, वरून आरटीओचा टॅक्स पेट्रोलला ११ टक्के तर डिझेलला १३. आणि पूर्वीसारखा दोन्हीच्या भावात मोठा फरक कुठे राहिला आता, लिटरमागे तेरा-चौदा रुपये. माझ्या चालण्यावर महिन्याला पावणेदोन हजार वाचतील, म्हणजे जास्तीचे दिलेले पैसेच निघायला सात वर्षं लागतात.

पुण्याचा दादा म्हणतो हायब्रिड घे, म्हणजे पेट्रोल अन् बॅटरी दोन्हीवर चालणारी. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे, त्याला दर दोनशे मीटरवर सिग्नल आहे. हायब्रिड ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत भरून घेते आणि नंतर वापरते, म्हणून शहरातल्या गर्दीत तिचा खरा फायदा. माझ्या रस्त्यावर ब्रेक लागतो वलगावला, आसेगावला अन् परतवाड्यात, बाकी सरळ एका वेगात जायचं. १६-१७ लाखांची गाडी घेऊन मला लिटरला २५ मिळाले तरी साध्या पेट्रोल गाडीपेक्षा महिन्याला दीड हजार वाचतील, आणि किमतीतला फरकच पाच लाखांच्या वर आहे. नुसते पाच लाख वसूल व्हायलाच २६ वर्षं. तेवढ्यात माझी रिटायरमेंट येते.

सीएनजी पेट्रोल-डिझेलपेक्षा स्वस्त पडते हे खरं आहे, त्यावर माझं मन खूप दिवस अडकलं होतं. मग एका सोमवारी पहाटे सहाला पंपावर फक्त पाहायला म्हणून गेली, अठरा गाड्या पुढे, अन् गॅसचं प्रेशर कमी म्हणून एकेका गाडीला वेळ लागून राहिला. माझी आठवड्यातून दोन-तीनदा टाकी भरावी लागेल, पहिला तास माझा असतो, पोरं वर्गात बसून वाट पाहतात. शिवाय मारुतीच्या डिझायरमधे सिलिंडर डिक्कीतच बसते. टाटाच्या गाडीत दोन लहान टाक्या खाली टाकून डिक्की वाचवली आहे, पण रांग तर तिलाही तेवढीच. मला डिक्की लागते, तुरीची डाळ, संत्र्याची पेटी, आईचा वॉकर, हे सगळं कुठे ठेवू?

तर शेवटी डिझायर ठरवली, पेट्रोल, साध्या गिअरची. कंपनी लिटरला २४.७९ सांगते, पण तो आकडा मशीनवर काढलेला असतो म्हणून मी स्वतः मोजलं. आमच्या शाळेत सायन्सच्या सरांकडे हीच गाडी आहे. त्यांच्यासोबत दोन आठवडे पेट्रोल वाटून गेली-आली. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा वहीत लिहायचा, आठवडाभर चालवायची, परत त्याच पंपावर तशीच भरायची आणि किलोमीटरला लिटरनं भागायचं. पहिल्या आठवड्यात सर ८५-९० नं चालवत होते, २०.८ आलं. दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं सर ७० च्या वर जायचं नाही, पाचव्या गिअरमधे राहायचं, चाकाची हवा सोमवारी सकाळी गाडी थंड असतानाच पाहायची. २४.१ आलं बाबा! तीच गाडी, तोच रस्ता, आणि शाळेत पोचायला जेमतेम दहा-बारा मिनिटं जास्त लागली. सर म्हणाले वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, पोरांना दरवर्षी शिकवतो पण वहीत पहिल्यांदा पाहिला. आताच्या पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल असते, त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज थोडं पडतेच. मी हिशेबात २२ च धरले आहेत, म्हणजे महिन्याला १३ हजारांच्या थोडं वर. त्यात आमच्या दोन मॅडम सोबत येणार, त्या पेट्रोलला वाटा देतात.

वॅगन आर पण मनात होती, उंच आहे म्हणून आईला बसायला सोपी. पण रात्री आसेगावच्या पुढे विनालाइटच्या ट्रॉल्या असतात, कापसाच्या बैलबंड्या असतात, नीलगाय आडवी येते. वॅगन आरला २०२३ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक टेस्टमधे एकच स्टार मिळाला होता, आता तिलाही सहा एअरबॅग दिल्या आहेत, पण नव्या डिझायरला पाच स्टार आहेत आणि रोज १२५ किलोमीटर जाणाऱ्या माणसानं ते आधी पाहावं असं मला वाटते.

आई, तुझ्या बसण्याचं मी पाहून घेतलं आहे. सासूबाईंचे गुडघे तुझ्यासारखेच, त्यांना शोरूमला घेऊन गेली. पुढची सीट पूर्ण मागं सरकवली, त्या दाराकडे पाठ करून आधी सीटवर टेकल्या, वरचं हँडल धरलं आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत फिरवले. एकदा नाही, चारदा करायला लावलं. चौथ्यांदा त्या माझा हात न धरता बसल्या. तू पण तसंच बसायचं, आधी पाय टाकायला जाऊ नको.

पैशाचं सांगते. २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, त्यानं बरंच हलकं झालं. ऑन रोड साडेआठ लाखांच्या आसपास जाते. अडीच लाख आम्ही दोघांनी जमवले आहेत, सहा लाख लोन, पाच वर्षं, हप्ता साडेबारा हजारांच्या आत. हे मला जमते, बाबा. तुम्हाला द्यायचंच असेल तर पहिल्या दिवशी नारळ तुम्ही फोडा.

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटली की परतवाड्याहून अंजनगाव मार्गे सरळ तुमच्याकडे, दुपारच्या जेवणाला मी घरी असेन, आणि आईची डॉक्टरची तारीख पण त्याच दिवशी घेत जाऊ म्हणजे तिला टमटममधे धक्के खात जावं लागणार नाही.

एक काम करा फक्त. गाडीची रुंदी १७३५ मिलिमीटर आहे, म्हणजे पावणेसहा फुटांच्या आत, आरसे वेगळे. वाड्याच्या फाटकातून बंडी जाते हे माहीत आहे, पण डाव्या अंगाला तो दगड निघालेला आहे तिथून टेप लावून मोजा. आणि नाल्याच्या रपट्याच्या पुढं रस्त्याच्या मधोमध मातीचा उंचवटा तयार होतो, तो यंदा किती आहे ते पण पाहून सांगा, गाडी खालून १६३ मिलिमीटर म्हणजे साडेसहा इंचांच्या आतच उंच आहे. जास्त असेल तर वेचणी झाल्यावर दोन टोपले मुरूम टाकून घेऊ.

तुमची,
बाई